‘महिलांसाठी विशेष तरतूद’ या रकान्यात नेमकं काय लिहायचं?

ओळंबा

नमस्कार मंडळी. मी सांगलीची, सिव्हिलवाली. सहा वर्षं गावोगावच्या नळपाणी योजनांवर काम केलंय. पुढच्या महिन्यात बांगलादेशात, कॉक्स बाझारजवळ उखियाला चालले आहे. रोहिंग्यांच्या छावणीत एका संस्थेच्या पाणी-संडास विभागात नऊ महिन्यांचा करार आहे. आई रोज एकदा विचारते, “तिकडंच का?” त्याचं उत्तर इथं मागत नाही.

प्रश्न वेगळा आहे. जायच्या आधीच माझ्याकडं एका टेकडीचा आराखडा आलाय, २४ संडास आणि ८ न्हाण्या. खड्डे किती खोल, उतार किती, मैला कुठून उपसायचा, हे मला कळतं. पण शेवटी एक रकाना आहे, ‘महिलांसाठी विशेष तरतूद’. आधीच्या माणसानं तिथं लिहून ठेवलंय, “महिलांच्या गरजा विचारात घेतल्या जातील.” साहेबांना विचारलं तर म्हणाले, राहू दे तेच, सगळे तेच लिहितात.

मला ते गिळवत नाहीये. स्फिअरचं पुस्तक, म्हणजे मदतकार्याच्या किमान निकषांची जगभर वापरली जाणारी पुस्तिका, वाचलंय. वीस माणसांमागं एक संडास, बायकांचे पुरुषांच्या तिप्पट, घरापासून ५० मीटरच्या आत. म्हणजे माझ्या २४ पैकी १८ बायकांचे आणि ६ पुरुषांचे. एवढं लिहिलं की झालं का? तिथं काम केलेलं कुणी आहे का इथं?

रोखठोक

ताई, राग मानू नका. लाखो माणसं उघड्यावर पडल्यावर आधी जीव वाचवायचे असतात. अन्न, पाणी, छप्पर. बाई-पुरुष हे रकाने देणगीदारांना खूश करायला असतात. भूक बाईला वेगळी लागते का?

मिरजेची_सिस्टर

ओळंबा, साहेबांचं ऐकू नकोस. (हे साहेबांना सांगू नकोस.)

मी २०१७ च्या ऑक्टोबरपासून दीड वर्ष तिथं होते. बाळंतपणं आणि ओपीडी, दवाखाना बांबू-ताडपत्रीचा. २५ ऑगस्टला म्यानमारच्या लष्करानं रोहिंग्यांवर कारवाई सुरू केली, त्यानंतर थोड्याच महिन्यांत सात लाखांवर माणसं सीमा ओलांडून आली होती. हत्तींच्या वाटेवरच्या टेकड्या बघता बघता बोडक्या झाल्या आणि त्यांवर झोपड्यांच्या पायऱ्या चढल्या. मला सिव्हिलमधलं काही कळत नाही, पण तुझ्या खात्यानं बांधलेल्या संडासांची पहिली तपासणी माझ्या टेबलावर व्हायची.

बाई यायची. चक्कर येते, डोकं दुखतं, लघवीला जळजळतं. तिच्यामागं दुसरी, तेच. मग तिसरी. मी विचारायची, पाणी किती पिता? उत्तर नाही, पदर तोंडावर. आमची दुभाषी बाई चितगावकडची होती. चौथ्या की पाचव्या दिवशी ती मलाच वैतागून म्हणाली, “सिस्टर, सारखं काय विचारता? या दिवसा पाणी पीतच नाहीत. प्यायल्या तर जावं लागेल.”

त्या दुपारी मी त्यांतल्या एकीबरोबर गेले. तिच्या झोपडीपासून तीस-पस्तीस पावलांवर चार संडास ओळीनं. घाईत ठोकलेले, तट्ट्याच्या भिंती, दाराला ताडपत्री. कडी होती, पण बाहेरून. हो, बाहेरून. कुत्री आत शिरतात म्हणून कुणीतरी लावलेली. आतल्या बाईनं एका हातानं दार ओढून धरायचं आणि बाकी सगळं दुसऱ्या हातानं. समोर बारा-पंधरा फुटांवर चहाची टपरी, बाकड्यावर सहा पुरुष, तोंडं नेमकी दारांकडं. ती बाई दारापर्यंत गेली, टपरीकडं एकदा बघितलं आणि छत्री तशीच आडवी धरून माघारी वळली. पाऊस नव्हता. तिथं छत्री पडद्यासाठी असते.

तुझ्या पुस्तकाच्या मापात ते चारही संडास चोख बसत होते. अंतर बरोबर, माणसांमागचा आकडाही बरोबर. बायका जायच्या अंधार पडल्यावर, घोळक्यानं, नाहीतर जायच्याच नाहीत.

म्हणून १८ आणि ६ लिही, ते लिहायलाच हवं, पण त्या अठरांची तोंडं कुठल्या दिशेला आहेत तेही लिही. दार वाटेकडं नको. आडोशाला एक तट्ट्याची भिंत आणि आतून कडी. दिव्याबद्दल सांगते: सौर दिवा थेट संडासाच्या दारावर टांगला तर पत्ते खेळायला पोरं तिथंच जमतात. आमच्याकडं जमायची. दिवा वाटेवर लाव, घरापासून तिथवर. आणि जागा ठरवताना रात्री एकदा स्वतः चालून बघ, छावणीत रात्री थांबायची परवानगी नसते बाहेरच्यांना, तरी सांज होईस्तोवर थांब. चिखल झाल्यावर त्या बांबूच्या पायऱ्या सात महिन्यांच्या पोटुशीला उतरता येतील का, ते तुझ्या उताराच्या गणितात येत नाही.

आता न्हाणी. यावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण इथं सगळे चुकतात.

न्हाणीचं पाणी बाहेर जातं कुठून? बहुतेक ठिकाणी दाराखालून, उघड्या चरानं, सरळ पायवाटेवर. आता विचार कर, पाळीचं फडकं आत धुतलं तर बाहेर काय वाहणार आणि ते कोण बघणार. त्या न्हाण्या ओस पडलेल्या मी पाहिल्यात. अहवालात ‘वापर कमी, जनजागृतीची गरज’. जनजागृती कसली डोंबलाची! बायका झोपडीतच एका कोपऱ्यात ताडपत्री धरून अंघोळ करायच्या, खालची माती भिजायची आणि पावसाळ्यात तोच कोपरा खचायचा. तेव्हा चर झाकलेला हवा, मागच्या बाजूनं काढलेला. हे तुझ्या हातातलं आहे, सिव्हिलमधलं आहे. ‘महिलांसाठी विशेष’ वगैरे काही नाही त्यात, मोरी नीट बांधणं आहे.

आणि फडकं वाळवायचं कुठं? बाहेर दोरीवर घालायची लाज, म्हणून चटईखाली, ओलंच. मग खाज, मग मी. न्हाणीच्या आत, बाहेरून दिसणार नाही पण वरून ऊन लागेल अशी एक दोरी बांध. आठ न्हाण्यांना लागणारी दोरी तुझ्या साहेबांच्या खिशातून आली तरी परवडेल.

पॅडचंही सांगते. आमच्याकडं एकदा मोठी खेप आली, वापरून फेकायच्या पॅडची. देणाऱ्यांची माया खरी होती. पण सोबत निकर नव्हत्या. त्या बायका थामी नेसतात, लुंगीसारखी. चिकटपट्टीचं पॅड चिकटवायचं कशाला? काही पॅडांची पोरांनी उशी केली, उरलेली गेली संडासात, आणि मैला उपसणाऱ्या माणसांनी आम्हाला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. पुढं आम्ही विचारलं तेव्हा मागणी अगदी साधी निघाली: गडद रंगाचं सुती कापड, निकर, कपड्यांचा साबण, झाकणाची बादली. झाकण महत्त्वाचं, कारण भिजत घातलेलं झाकायला हवं.

विचारायचं कुणाला, हा खरा प्रश्न. प्रत्येक वस्तीला एक ‘माझी’ असतो, म्हणजे मुकादम. सुरुवातीच्या गोंधळात लष्करानं नेमलेले, आणि जवळजवळ सगळे पुरुष. (पहिला आठवडाभर मला कळेना, हा माणूस ‘माझी’ म्हणून कुणाची ओळख करून देतोय.) माझीला विचारलंस तर तो म्हणेल, आमच्या बायकांना सगळं आहे. तो खोटं बोलतो असं नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. बायकांशी बायकांनीच बोलायचं, बंद जागेत. त्यांचं ‘शांतिखाना’ म्हणून बायकांच्या बसण्या-बोलण्याचं ठिकाण असतं, तिथं जा. दुभाषी बाईच हवी. आणि शक्यतो रोहिंग्या बाई, कारण चितगावी बोली जवळची असली तरी फसवते. आमच्याकडं बाया ‘गा लामानि’ म्हणायच्या, शब्दशः अंग खाली उतरतंय, गळतंय. आम्ही अशक्तपणाच्या गोळ्या देत बसलो. ते जुलाब होते.

आणखी एक. पहिल्या महिन्यांत रेशनच्या रांगेत बायका कमी दिसायच्या. आमच्यातल्या एकानं लिहिलं, ‘पुरुषच रेशन नेतात, सांस्कृतिक कारण’. कारण असं होतं की नेसत्या कपड्यानिशी पळालेल्या तिघी-चौघींत मिळून एकच बुरखा. एक परत आली की दुसरी निघायची. नवरा मारला गेलेला, रांग चार तासांची आणि बुरखा शेजारणीच्या अंगावर, अशी बाई तुझ्या कुठल्याच आकड्यात येत नाही.

शेवटचं, आणि हे जपून. तिथं काय काय घडून त्या आल्यात ते तू पेपरात वाचलं असशील. तू विचारायचं नाहीस. कुणालाच. संडासाची पाहणी करताना एखादी आपणहून बोलली तर ऐकून घ्यायचं, लिहून घ्यायचं नाही, आणि दवाखाना कुठं आहे ते सांगायचं. त्यासाठी दोन आकडे पाठ हवेत: एचआयव्ही टाळायचं औषध ७२ तासांच्या आत, गर्भ राहू नये म्हणूनची गोळी १२० तासांच्या आत. ही औषधं कुठल्या दवाखान्यात मिळतात ते पहिल्याच आठवड्यात शोधून ठेव. आणि ‘इथं असं काही घडल्याची नोंद नाही, मग कड्या कशाला’ असं कुणी म्हणालं तर नियम उलटा आहे हे सांग. घडतंय असं धरूनच बांधायचं, पुराव्याची वाट बघायची नाही.

रोखठोक

सिस्टर, वाचलं. पाण्याचं पटलं. पण तरीही म्हणेन, हे सगळं दुसऱ्या टप्प्यातलं. संकटाच्या पहिल्या तासांत कडी कोण बघतं?

मिरजेची_सिस्टर

रोखठोक दादा, पहिल्या तासांचंच सांगते. त्याच किनाऱ्यावर एप्रिल १९९१ मध्ये चक्रीवादळ आलं, सुमारे एक लाख चाळीस हजार माणसं गेली. वीस ते चव्वेचाळीस वयाच्या पुरुषांत हजारी १५ मेले, त्याच वयाच्या बायकांत हजारी ७१. वादळानं निवड केली नव्हती. इशारा बाजारात पोचला आणि घरात पोचला नाही. पोचला तिथं बाई नवऱ्याची वाट बघत थांबली, कडेवर पोर. निवाऱ्याच्या इमारतीत सगळे पुरुष दाटीनं उभे, बायकांना वेगळी जागा नाही, संडास नाही, मग तरणी पोर घेऊन जायचं कसं? साड्या पाण्यात पायांत अडकल्या. आता त्यांच्या चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रमात ७६ हजारांवर स्वयंसेवक आहेत आणि त्यांतल्या निम्म्या बायका. घरात शिरून ‘चल’ म्हणायला बाईच लागते.

भूक बाईला वेगळी लागत नाही. ती सगळ्यांत शेवटी जेवते, एवढंच.

जुना_ओव्हरसियर

पोरी, मी निर्वासितांत काम केलेलं नाही. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीकडं होतो, पुनर्वसनाच्या घरांवर. बावन्न गावं उठवून नव्या जागी बसवली. घरं जमिनीच्या हिशेबानं तीन मापांची: २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. सरळ रस्ते, सरळ रांगा, नकाशात इतकं देखणं की आम्हीच फोटो काढायचो.

एका गावी चुना टाकून आखणी चालू होती. एक म्हातारी काठी टेकत आली, रेषांमधून फिरली आणि मला विचारलं, “साहेब, सून न्हायला कुठं बसायची?” जुन्या घरात मागं परस होतं, भिंत होती. इथं एकाचं मागचं दार दुसऱ्याच्या पुढच्या दारासमोर. मी म्हणालो, बघू. नकाशा मंजूर झालेला होता. काही बघितलं नाही. त्या गावात पुढं कधी गेलो तर घरामागं पत्रे, पोती, जुनी लुगडी बांधून केलेले आडोसे दिसायचे. माझ्या नकाशावर त्या बायकांनी केलेली दुरुस्ती होती ती.

जागच्या जागी घरं दुरुस्त करायच्या कामात मात्र शहाणपण सुचलं. महिला मंडळांतून गावोगावी ‘संवाद सहायक’ नेमल्या, स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्यात होती. सुरुवातीला आम्ही ओव्हरसियर लोक हसायचो. मग त्या सिमेंटची पोती मोजायला लागल्या आणि आमचे काही ठेकेदार हसायचे थांबले.

तर तुझ्या २४ संडासांवर देखरेखीला बायका नेम. बांधून झाल्यावर नव्हे, खड्डा खणायच्या आधी. आणि फुकट राबवू नकोस, मोबदला दे. रकान्यात तो खर्च लिही, आकड्यात. आकडा नसलेली तरतूद ही तरतूद नसते, चाळीस वर्षांची नोकरी सांगते.

पंचगंगाकाठ

थोडं अवांतर. आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. रशियानं सैबेरियाकडं हाकललेली, इराणमार्गे आलेली. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे.

आजी तिथं भाजी विकायला जायची. ती सांगायची, त्या मडमांच्या हातात महिन्याचे पैसे असायचे आणि त्या स्वतः भाव करायच्या, खुणांनी. वांगं बोटानं दाबून बघून परत ठेवायच्या. “निर्वासित कसल्या, माझ्यापेक्षा चिकट होत्या,” असं म्हणायची, आणि त्यात कौतुक असायचं. उखियात बायकांच्या हातात पैसे देतात का हो सिस्टर?

मिरजेची_सिस्टर

पंचगंगाकाठ, आजीचं वाक्य फार आवडलं. मी होते तेव्हा रोख रक्कम द्यायला तिथलं सरकार परवानगी देत नव्हतं. नंतर कार्डावर दुकानातून धान्य-भाजी निवडून घ्यायची सोय वाढत गेली. मी एकदा त्या दुकानात उभी होते. एक बाई सुक्या मासळीच्या दोन पाकिटांपुढं दहा मिनिटं उभी. मागची रांग कुरकुरली. ती हलली नाही. किती महिन्यांनी तिनं काही निवडलं असेल कोण जाणे.

जून २०१८ पासून नवी नोंदणी सुरू झाली, तेव्हा बारा वर्षांवरच्या प्रत्येकाला स्वतःचं कार्ड मिळायला लागलं, बाईलासुद्धा. फोटोसहित, स्वतःच्या नावाचं. माझ्याकडं तपासणीला आलेली एक पोर ते ओढणीत गुंडाळून आणायची आणि तपासताना मुठीत धरायची.

ओव्हरसियर काका, तुमचं मोबदल्याचं एकदम बरोबर. ओळंबा, त्यांत एक जोड: चार घरांत एक संडास असेल तर त्याला कुलूप बसव आणि किल्ली त्या चार घरांतल्या सगळ्यांत थोरल्या बाईकडं. आमच्याकडं अशा संडासांवर ‘स्त्रिया’-‘पुरुष’ पाट्या लावायची गरजच पडली नाही. पाट्या तशाही कुणी वाचत नव्हतं.

ओळंबा

सगळ्यांचे आभार, चार दिवस हेच वाचतेय. रकाना असा भरलाय, चुकलं तर सांगा:

“जागा निश्चितीपूर्वी वस्तीतील स्त्रिया, किशोरी व अपंग स्त्रियांसोबत स्वतंत्र बैठका, रोहिंग्या महिला दुभाषीसह. बायकांच्या १८ संडासांची दारे पायवाटेच्या विरुद्ध दिशेस, आडोसा भिंत, आतून कडी. दोन संडासांस पायऱ्यांऐवजी उतार व धरायला दांडा. सर्व न्हाण्यांचा सांडपाण्याचा चर झाकलेला, मागील बाजूने. आत वाळवणीची दोरी, वरून उजेड. सौर दिवे वाटेवर, दारावर नाहीत. सहा महिला देखरेखनीस, मोबदल्यासह. एक महिन्याने पुन्हा विचारून बदल, त्यासाठी एकूण खर्चाच्या दहा टक्के राखीव.”

साहेब म्हणाले, हा रकाना आहे की निबंध? मग म्हणाले, दहा टक्क्यांचे आठ करा. म्हणजे बाकीचं वाचलं त्यांनी.

एक शंका राहिली. बांबूच्या चौकटीला आतली कडी टिकते कशी? आणि किती उंचीवर? पुस्तकात नुसतं ‘आतून बंद होणारे’ एवढंच आहे.

मिरजेची_सिस्टर

लोखंडी कडी घेऊ नकोस, खारी हवा, गंजते, आणि बांबू फाटतो. आमच्या वस्तीतल्या एका सुताराने लाकडाचा वीतभर तुकडा एकाच बोल्टवर बसवला होता, फिरवला की चौकटीच्या खाचेत अडकायचा. बोल्टखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा, म्हणजे सैल होत नाही. उंचीचं मला सांगता येणार नाही. एवढं आठवतंय की आमची पहिली खेप पुरुषांनी उभ्यानं मोजून लावली होती. आत बसल्यावर दार ढकललं गेलं तर हात पोचायचा नाही.

ओळंबा

मोजलं. घरच्या संडासात टेप घेऊन बसले, दार लावून, दार उघडून, डाव्या हातानं, उजव्या हातानं. बसून हात सहज पोचतो तो माझा ७० सेंटिमीटर. शेजारच्या सहावीतल्या पोरीला पण बसवलं, तिचा ५५. म्हणजे दोन कड्या लागतील, एक खाली, एक वर.

आई दारात उभी राहून बघत होती. काय चाललंय म्हणाली. सगळं सांगितलं. थोडा वेळ काही बोलली नाही, मग टेपचं दुसरं टोक धरून म्हणाली, “आणि बादली कुठं ठेवणार ती बाई? तेवढी जागा सोडलीस का?”

सोडली नव्हती.